मिनिटभर थांबा

या सदरातून आजवर आम्ही लोणच्याच्या बरणीपासून लग्नाच्या याद्यांपर्यंत नाना विषयांवर लेखणी चालविली. परंतु संगणकाच्या आज्ञावलीची परीक्षा कशी घ्यावी, या विषयावर लिहिण्याचा प्रसंग येईल असे आमच्या स्वप्नीही नव्हते. तो आला याला कारण एक दहा वर्षांचा मुलगा आणि त्याच्या हाती पडलेला एक कागद.

आमच्या वस्तीतील मंडळाच्या सभागृहात दर रविवारी सकाळी मुलांचा बुद्धिबळाचा वर्ग भरतो, हे काही वाचकांना ठाऊक असेल. शिकविणारे गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तरीच्या पुढे, वाणी करडी आणि अंतःकरण मऊ. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून वर्गात मुलींची भर पडली आणि पट ३२ वर गेला. आठवडाभर ही मुले आपापल्या घरून ‘लिचेस’ या संकेतस्थळावर डाव खेळतात आणि रविवारी गुरुजी त्या डावांची चिरफाड करतात. गुरुजींना पडद्यावरचे वाचवत नाही. म्हणून प्रत्येक मुलाच्या नावाचा एक कागद, त्यावर त्याचे आठवड्याचे डाव ठळक अक्षरांत, असे ३२ कागद वर्ग सुरू होण्यापूर्वी छापून ठेवण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले आहे.

लिचेसविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच आज्ञावलीकाराने २०१० साली हे सुरू केले. तेथे खेळावयास पैसे पडत नाहीत, जाहिराती नाहीत, आणि सारा डोलारा देणग्यांवर उभा आहे. फ्रान्सच्या कायद्याखाली नोंदलेली ना-नफा संस्था तो चालविते. माणसांसाठी जसे संकेतस्थळाचे पुढचे दार, तसे आज्ञावल्यांसाठी बाजूला एक दार ठेवलेले असते. त्यास एपीआय म्हणतात. आमची कागद छापणारी आज्ञावली त्या दारातून जाऊन विचारते, ‘अमक्या खेळाडूचे या आठवड्याचे डाव द्या,’ आणि आतून एकेका ओळीत एकेक डाव येऊ लागतो.

हे विचारणे-उत्तरणे दर वेळी नव्याने लिहावे लागू नये, यासाठी आमच्या पुतणीने आपल्या दोन मैत्रिणींसह एक लायब्ररी तयार केली आहे. येथे लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे. आपण गोडा मसाला एकदाच भाजून, कुटून बरणीत भरून ठेवतो आणि मग आमटी असो वा भरली वांगी, चमचाभर काढून घेतो; तशी ही बरणी. ती पायथन भाषेत लिहिलेली असून कोणासही घेता येते, आणि न पाहिलेल्या काही लोकांनी ती घेतलीही आहे. म्हणजे आपल्या मसाल्यात खडा निघाला, तर तो कोणाकोणाच्या दाताखाली येईल हे सांगता यावयाचे नाही.

आता त्या रविवारची हकीकत. सकाळी आठाच्या सुमारास आम्ही सभागृहातील जुन्या लॅपटॉपवर छपाई लावली. पुतणीही आली होती. पोह्यांची बशी बाजूला सारून, कोपऱ्यात बसून ती आपल्या संगणकावर लायब्ररीच्या चाचण्या चालवीत होती. कागद निघाले, आम्ही ते नावांप्रमाणे लावले, गुरुजींच्या हाती दिले. त्यांतील नऊ कागदांवर एकच ओळ होती : ‘या आठवड्यात खेळलेले डाव : ०’. आम्हांला त्यात काही वावगे वाटले नाही. शाळांच्या परीक्षा तोंडावर होत्या.

गुरुजींनी त्या नऊ जणांपैकी एका मुलाला उभे केले. मागच्याच रविवारी त्याने रोज खेळण्याचा शब्द दिला होता. तो म्हणाला, “गुरुजी, मी अकरा डाव खेळलो.” गुरुजींनी कागद त्याच्यापुढे धरला. “हे काय लिहिले आहे? वाच.” मुलाने वाचले. “न खेळण्याबद्दल मी रागावत नाही, खोटे बोलण्याबद्दल रागावतो,” असे म्हणून गुरुजींनी त्याला त्या दिवशी पटावर बसू दिले नाही. मुलगा भिंतीपाशी जाऊन बसला आणि शेवटपर्यंत मान वर न करता तेथेच राहिला.

दुपारी त्याच्या आईचा फोन आला. मुलाचे अकरा डाव तिच्या डोळ्यांदेखत झाले होते.

पुतणीला हे सांगितले तेव्हा तिचा चेहरा उतरला. संध्याकाळपर्यंत तिने कारण शोधून काढले, आणि ते ऐकून आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. कारण दोष सर्वस्वी आमच्या घरचा होता.

लिचेसचा नियम साधा आहे आणि त्यांच्या कागदपत्रांत प्रारंभीच दिलेला आहे. एका वेळी एकच विनंती करावी. आणि ‘४२९’ या आकड्याचे उत्तर आले तर पुरते एक मिनिट थांबून मगच पुन्हा विचारावे. ४२९ हा आकडा लिचेसच्या पदरचा नव्हे. ‘फार विनंत्या झाल्या’ या अर्थाने तो २०१२ साली इंटरनेटच्या मानकांत दाखल झाला. धर्मादाय चालणाऱ्या सर्व्हरपुढे लाखो माणसे खेळत असताना कोणा एका आज्ञावलीने दार अडवून धरू नये, इतकाच त्याचा हेतू. आणि आमची पुतणी त्या सकाळी काय करीत होती? तिच्या चाचण्या १४३. त्या लवकर उरकाव्यात म्हणून तिने ‘एक्सडिस्ट’ नावाची सोय जोडून त्या आठ-आठ एकदम सोडल्या होत्या. सभागृहाचे वायफाय एक, परवान्याचे टोकन दोन्ही संगणकांवर तेच. सर्व्हरने सांगितले, थांबा. ते तिला सांगितले तसेच आमच्या छपाईच्या आज्ञावलीलाही सांगितले.

येथवर घडले ते गैरसोयीचे होते, अन्यायाचे नव्हते. अन्याय पुढे झाला. लायब्ररी आलेल्या उत्तरातून डावांच्या ओळी वेचून घेत असे. नकाराच्या चिठ्ठीत डावाची ओळ कोठून असणार? ओळी शून्य, म्हणून यादी रिकामी. यादी रिकामी, म्हणून डाव शून्य. ‘आत्ता सांगत नाही’ या उत्तराचे लायब्ररीने ‘काही नाही’ असे भाषांतर केले, आम्ही ते ठळक अक्षरांत छापले, आणि गुरुजींनी मुलाच्या शब्दापेक्षा कागदावर विश्वास ठेवला.

“पण तुझ्या १४३ चाचण्यांपैकी एकीलाही हे कसे दिसले नाही?” आम्ही विचारले.

“काका, नकार आला की काय होते हे तपासायला नकार मिळवावा लागतो. त्यासाठी सर्व्हरला मुद्दाम त्रास देणे मला बरे वाटले नाही. म्हणून ती चाचणी लिहायची राहिली.”

तिचा संकोच सज्जनपणाचा होता हे आम्ही मान्य करतो. परंतु गंमत अशी की, नकार मिळविण्यासाठी जो त्रास द्यावयास ती कचरत होती, तो त्रास तिच्या उरलेल्या चाचण्या नकळत रोज देत होत्या. लायब्ररीत कोणी काही बदल सुचविला की गिटहबवर त्या सर्व आपोआप चालत, त्याही पायथनच्या पाच निरनिराळ्या आवृत्त्यांवर. प्रत्येक चाचणी एकदा दार ठोठावणार असे धरले तरी १४३ गुणिले ५ म्हणजे ७१५ वेळा. कोणी एखादे स्वल्पविराम दुरुस्त केले तरी ७१५!

त्या रात्री आम्ही जुनी हिशेबाची वही काढली. संगणकातले आम्हांस फारसे कळत नाही. पण यादी करणे कळते. पुतणीने एकेक चाचणी वाचावी आणि आम्ही एकच प्रश्न विचारावा : हे खऱ्या सर्व्हरलाच विचारले पाहिजे काय? पहिल्या वीस-पंचवीस चाचण्यांना ती ठामपणे ‘हो’ म्हणाली. मग तिचा आवाज हळूहळू खाली येऊ लागला.

वाचकहो, ज्या चाचणीला इंटिग्रेशन टेस्ट म्हणतात तिचे मर्म आमच्या इंदुरातील गृहिणीस पटकन कळेल. नळ ठीक, पाइप ठीक, टाकी ठीक; तरी जोड गळतो की नाही हे पाणी सोडल्याशिवाय समजत नाही. म्हणून जोडाची चाचणी खऱ्या पाण्याने करावी लागते. पण नळाला पाणी ठरलेल्या वेळीच येत असेल, तर त्या वेळात बादलीचा कान मजबूत आहे की नाही हे पाहात कोणी बसत नाही. ते काम कोरड्या दुपारी होते.

यादी संपली तेव्हा १४३ पैकी ९० चाचण्या अशा कोरड्या निघाल्या. तारखेचे रूपांतर बरोबर होते का, हरलेला डाव ‘हरला’ असाच वाचला जातो का, यासाठी खऱ्या सर्व्हरपर्यंत कोणी कशाला जावे? नकाराची चाचणीही याच वर्गात आली, आणि ती सर्वांत आधी लिहिली गेली. पुतणीने घरच्या घरी एक लुटुपुटूचा सर्व्हर केला. त्याला काहीही विचारले तरी तो ४२९ म्हणतो. त्यावर लायब्ररीने रिकामी यादी परत दिली की चाचणी नापास. मग प्रश्न आला मिनिटभर थांबण्याचा. लायब्ररी खरोखरच साठ सेकंद थांबते का हे पाहण्यासाठी प्रत्येक वेळी साठ सेकंद बसून राहावयाचे काय? त्यावर तोड म्हणून खोटे घड्याळ. लायब्ररीने वेळ पाहावी ती या घड्याळात, आणि त्याचे काटे चाचणीने हवे तसे फिरवावेत. ५९ व्या सेकंदाला लायब्ररीने तोंड उघडले तर नापास; ६० सेकंद पुरे झाल्यावरही गप्प राहिली तर नापास. सारा प्रकार डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होतो.

नंतरच्या ३६ चाचण्यांची व्यवस्था आम्हांला फार आवडली, कारण तिचे नावच ओळखीचे निघाले. ज्यांच्या घरी १९८५-८६ च्या सुमारास भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर चित्रपट पाहिले गेले असतील त्यांना हसू येईल. या कामाच्या साधनाचे नाव व्हीसीआर असेच आहे, आणि त्याच्या फायलींना कॅसेट म्हणतात. मूळ रुबी भाषेतले, पुढे पायथनमध्येही आलेले. चाचणी पहिल्यांदा चालते तेव्हा ती खऱ्या सर्व्हरला विचारते आणि विचारलेले व आलेले दोन्ही कॅसेटमध्ये उतरवून ठेवले जाते. पुढच्या वेळी दार न ठोठावता कॅसेटच वाजते. सर्व्हरला एकदाच तसदी, आणि चाचणी हजार वेळा.

यात दोन खाचखळगे आहेत. पहिला लगेच सापडला. कॅसेटमध्ये विनंतीबरोबर जाणारे टोकनही उतरते, आणि ही कॅसेट लायब्ररीबरोबर जगापुढे ठेवली जाते! म्हणजे घराचे छायाचित्र काढून वाटावे आणि त्यात खिळ्याला अडकविलेली किल्ली स्पष्ट दिसावी, त्यातला प्रकार. पुतणीने तिसरीच कॅसेट उघडून पाहिली म्हणून बरे झाले. ते टोकन तिने तत्काळ रद्द केले, आणि ध्वनिमुद्रणापूर्वीच ते गाळून टाकण्याची ताकीद साधनाला दिली. त्याच झडतीत आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानी आली. पूर्वीच्या चाचण्या आमच्या वर्गातील मुलांच्या खात्यांवर चालत. मुलांची खाती आणि त्यांचे हरलेले डाव जगाच्या चव्हाट्यावर का मांडावेत? आता चाचणीसाठी स्वतंत्र खाते आहे, आणि त्या खात्यावर आमचे स्वतःचे पराभव आहेत.

दुसरा खळगा अधिक खोल आहे, आणि तो कळावयास महिना-दीड महिना लागला. कॅसेट कधी नाही म्हणत नाही. वर्गातील एका मुलीने आपले खाते बंद करून नवे काढले. बंद खात्याचे उत्तर आखूड येते. नेहमीचे रकाने त्यात नसतात. कॅसेटमधील खाते मात्र सुरू होते, हसतमुख होते, आणि साऱ्या चाचण्या उत्तीर्ण होत होत्या. तिकडे रविवारी छपाई अडली. दिवंगत आप्ताचा आवाज टेपवर ऐकून तो पलीकडच्या खोलीत आहे असे समजावे, तशी आमची गत झाली. तेव्हापासून प्रत्येक कॅसेटवर तारीख घालण्याचा दंडक आहे. नव्वद दिवस झाले की ती पुसून, एका वेळी एक, शांतपणे पुन्हा भरावयाची, आणि जुन्या-नव्यातला फरक माणसाने वाचावयाचा. फरक वाचण्याचे काम आमच्याकडे आहे. चाळिशी लावून आम्ही ते वर्तमानपत्रासारखे वाचतो.

उरलेल्या १७ पैकी आठ चाचण्या आव्हान देणे, खेळी करणे, डाव सोडणे अशा, म्हणजे सर्व्हरवर काही तरी बदलणाऱ्या. त्या परक्याच्या घरी कराव्यातच कशाला? लिचेसची सारी आज्ञावली खुली आहे. तिची छोटी प्रत आपल्या संगणकावर उभी करण्याची सोयही त्याच मंडळींनी करून ठेवली आहे. पुतणीने ती केली. तेथे राजा आपला, प्रजा आपली. कितीही डाव मोडा. एका चाचणीने तर या घरच्या प्रतीवाचून दुसरा मार्गच ठेवला नव्हता. लिचेसवर एखादे खाते यंत्रखेळाडूचे करता येते. पण त्या खात्यावर आधी एकही डाव झालेला नसावा लागतो आणि एकदा केलेला बदल मागे घेता येत नाही. म्हणजे ही चाचणी एका खात्यावर जन्मात एकदाच! खऱ्या सर्व्हरवर ती रोज चालवावयाची तर रोज एक नवे खाते काढून टाकून द्यावे लागेल. पुतणीने पूर्वी अशी चार खाती काढली होती, हे तिने त्या रात्री जरा खाली मान घालूनच सांगितले.

राहिल्या नऊ. या खऱ्या सर्व्हरलाच विचारतात, आणि त्यांची निवड करण्यास एक अख्खी संध्याकाळ गेली. गुणांकन किती, असे विचारणारी एकही त्यात नाही. खेळाडूचे गुणांकन रोज बदलते आणि चाचणी उगाच नापास होते. गुणांकनाच्या जागी आकडा आहे ना, एवढेच पाहावे. नेमके काही तपासावयाचे असेल तर जुना, संपलेला डाव मागवावा. त्यातील घोडा आज दुसऱ्या घरात जाणार नाही. पूर्वी ३२ खेळाडूंची माहिती ३२ वेळा मागितली जाई. वास्तविक एका विनंतीत ३०० पर्यंत नावे देता येतात, हे कागदपत्रांत होतेच, आपण वाचले नव्हते. एकदा आलेले उत्तर त्या रात्रीपुरते हाताशी ठेवून चार चाचण्यांनी वाटून घ्यावयाचे, हीही सुधारणा झाली. आणि डावांचा ओघ सुरू असताना, तो संपून दार बंद झाल्याशिवाय पुढची विनंती करावयाची नाही. कारण वाहता ओघ हीसुद्धा एक चालू विनंतीच असते. ही शेवटची गोष्ट तपासणारी चाचणी पुतणीच्या मते साऱ्यांत मोलाची आहे. टोकन देऊन डाव मागविले तर लिचेस सेकंदाला ३० या वेगाने ते सोडते; वर्गाचे चारेकशे डाव चौदा सेकंदांत येतात. एवढ्यासाठी आठ-आठ माणसे दारात उभी करण्याची खरोखरच आवश्यकता नव्हती.

या नऊ चाचण्या आता कोणी बदल सुचविला म्हणून चालत नाहीत. त्या रात्री २ वाजून ३७ मिनिटांनी, पायथनच्या एकाच आवृत्तीवर, एकामागून एक चालतात. पहिली फेरी संपली नसेल तर दुसरी सुरूच होत नाही. सदतीस मिनिटे कशासाठी, असे आम्ही विचारले, तेव्हा कळले की तासाच्या ठोक्याला गिटहबवर साऱ्या जगाची गर्दी उसळते. टोकनही वेगळे केले आहे : चाचणीचे निराळे, छपाईचे निराळे. एकूण ७१५ ठोठावण्यांच्या जागी रात्रीच्या नऊदेखील भरत नाहीत.

हे सारे होण्याच्या आधीच, म्हणजे त्या घटनेच्या पुढच्याच रविवारी, आम्ही व पुतणी वर्ग सुरू होण्यापूर्वी गुरुजींना भेटलो आणि झाले ते सांगितले. गुरुजींनी सर्व ऐकून घेतले. ४२९ चा अर्थ दोनदा विचारला. मग वर्ग भरल्यावर त्या मुलाला सर्वांसमोर बोलावून ते म्हणाले, “तू अकरा डाव खेळला होतास. चूक माझी झाली.” आम्ही ‘गुरुजी, चूक आमची’ असे म्हणावयास तोंड उघडले, तर त्यांनी हातानेच थांबविले. मुलगा लाजला, आणि मग म्हणाला, “सातवा डाव बघाल का? त्यात माझा वजीर फुकट गेला.” त्या दिवशीचा अर्धा वर्ग त्या सातव्या डावावरच खर्ची पडला.

छापील कागदावर आता तीन प्रकारची ओळ येऊ शकते : डावांचा आकडा, ‘०’, किंवा ‘अद्याप उत्तर आलेले नाही’. गेल्या रविवारी दोन कागदांवर ही तिसरी ओळ आली. गुरुजींनी ते दोन्ही बाजूला काढून आमच्या हाती परत दिले, चहाचा कप उचलला आणि घड्याळाकडे पाहात बसले. मिनिटाचा काटा एक घर पुढे गेल्यावर आम्ही छपाईची कळ पुन्हा दाबली.